सल्फेट कुठे गेलं? कुठेच नाही

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला की त्यावर तांबूस थर चढतो. 'लोखंडाचं तांबं करून दाखवतो' असं सांगणारे व्हिडिओ याच खिळ्याच्या जोरावर चालतात. जुन्या किमयागारांनाही हे धातूचं रूपांतरच वाटलं होतं. पण खिळ्याचं खरोखर तांबं होत असेल, तर द्रावणाचा निळा रंग का उतरतो? तो रंग पाण्यातल्या तांब्याच्या आयनांचा, म्हणजे प्रभारित कणांचा असतो. म्हणजे थरातलं तांबं द्रावणातूनच आलेलं आहे. चमत्काराचा दावा इथेच संपतो.

शाळेत आपण लिहितो: लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे. यात चूक काही नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की लोखंडाने तांब्याकडून सल्फेट हिसकावून घेतलं. तसं काहीही घडत नाही. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे प्रभारित कण सुटे होतात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधात या विचाराचा पाया घातला, तेव्हा परीक्षकांनी त्यांना खालची श्रेणी दिली. १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं.

आता जे सुटं आहे ते सुटंच लिहू (कंसात आयनाचा प्रभार):

लोखंड + तांबे(२+) + सल्फेट(२−) → लोखंड(२+) + सल्फेट(२−) + तांबे

सल्फेट दोन्हीकडे जसंच्या तसं आहे. हा प्रेक्षक आयन. तो खोडला की उरतं निव्वळ आयनिक समीकरण:

लोखंड + तांबे(२+) → लोखंड(२+) + तांबे

मला ही ओळ फार आवडते, कारण खिळ्याच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते हिच्यात थेट दिसतं. लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन धातूतच सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून सरकतात आणि तांब्याचा एखादा आयन जिथे पृष्ठभागाला टेकतो, तिथे तो ते उचलतो आणि अणू बनून चिकटतो. अणू निसटण्याची आणि आयन चिकटण्याची जागा एकच असायला हवी असं नाही. या दोन जागा मुद्दाम दूर ठेवून इलेक्ट्रॉनांना तारेतून फिरायला लावलं की विद्युतघट तयार होतो. १८३६ चा डॅनियल घट जस्त आणि तांब्याच्या अशाच जोडीवर चालतो; त्याचा विभव सुमारे १.१ व्होल्ट.

समीकरण लिहिताना विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात. सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची तार ठेवली तर 'तांबे + चांदी(१+) → तांबे(२+) + चांदी' असं लिहिलं जातं. अणू जुळतात, प्रभार जुळत नाही: डावीकडे १+, उजवीकडे २+. तांब्याने सोडलेले दोन इलेक्ट्रॉन घ्यायला चांदीचे दोन आयन हवेत.

तांबे + २ चांदी(१+) → तांबे(२+) + २ चांदी

ॲल्युमिनिअम तीन इलेक्ट्रॉन सोडतं, तांब्याचा आयन दोन घेतो. दोघांचा मेळ सहावर बसतो:

२ ॲल्युमिनिअम + ३ तांबे(२+) → २ ॲल्युमिनिअम(३+) + ३ तांबे

समीकरण जुळलं म्हणजे अभिक्रिया होतेच असं मात्र नाही. फेरस सल्फेटमध्ये तांबं टाकून वाट पाहिली तरी लोखंड बाहेर पडत नाही. धातूंच्या अभिक्रियाशीलता श्रेणीत लोखंड तांब्याच्या वर आहे, म्हणजे ते तांब्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं.

आणि प्रेक्षक आयन कागदावरून खोडला, तरी भांड्यात तो असतोच. ॲल्युमिनिअमचा पत्रा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला तर बराच वेळ जवळपास काहीच दिसत नाही, कारण धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा, पण घट्ट थर असतो. त्याच द्रावणात चिमूटभर साधं मीठ टाका. क्लोराइड आयन त्या थराला जागोजागी भेदतात, द्रावण तापतं, बुडबुडे येतात आणि पत्र्यावर तपकिरी तांबं साचू लागतं. हे बुडबुडे हायड्रोजनचे. त्यांचं समीकरण वेगळं. तांब्याचं समीकरण मिठाआधी आणि मिठानंतर तेच राहतं, क्लोराइड त्यात कुठेही येत नाही.