ढोरं दोन्हीकडे चरतात, पण गायरान वेगळं आणि झुडपी जंगल वेगळं

2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफलचं कांस्य जिंकलं आणि आमच्याकडच्या पोट्ट्यांनाही नेमबाजीचं वेड लागलं. चांगलंच झालं. पण मग ग्रामसभेत नेहमीचा अर्ज येतो: गावाबाहेर पडीत सरकारी जागा आहे, तिथे सगळ्यांसाठी नेमबाजीचं मैदान करून द्या. ठराव एकमतानं पास, टाळ्या, फोटो. काही महिन्यांनी फाइल परत येते आणि तिच्यावर शेरा असतो, 'झुडपी जंगल'.

सरपंच चिडतात. "अहो, गायरान आहे ते! माझ्या आज्यापासून ढोरं चरतात तिथे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सरपंचानं तोंड उघडलं की मीच पुरं करतो.

गायरान काय ते तुम्हाला सांगायला नको. वऱ्हाडात त्याला ई-क्लास म्हणतात. जमीन सरकारची, राखण ग्रामपंचायतीची. गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2011 ला दिलेल्या जगपालसिंग निकालापासून गायरानही सहजासहजी सुटत नाही. तरी कागद फिरतो तो पटवारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी अशा महसूलच्याच दारांतून.

झुडपी जंगल हा प्रकार नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांपुरता. पुण्याच्या वकिलाला विचाराल तर तो आधी झुडपं कुठे आहेत ते विचारेल. मुरमाड, खुरट्या झाडोऱ्याची, पिकाच्या कामाची नसलेली जमीन या नावानं लिहिली गेली. लिहिली कुठे, तर महसूलच्या वहीत. सगळा घोळ इथून सुरू होतो. वही महसूलची, सातबाऱ्यावर नाव सरकारचं, मग जमीन महसूलची असंच कोणीही धरून चालतो. कित्येक गावांत तिच्यावर घरं, शाळा, दफ्तरं उभी राहिली.

22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं हा विषय मिटवला. न्यायालयाच्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल म्हणजे वन. त्या तारखेच्या आधी रीतसर दिलेल्या जागांसाठी निकालात वाट ठेवली आहे. तुमचं मैदान मात्र आजची मागणी आहे. तिला 1980 चा वनसंरक्षण कायदा लागतो, म्हणजे प्रस्ताव वनविभागामार्फत आणि मंजुरी केंद्राची. शिवाय पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या वनाचं मूल्य भरायचं. ग्रामपंचायतीचं वर्षाचं बजेट आठवून बघा. ग्रामसभेनं हात वर केल्यानं जमिनीचा प्रकार बदलत नाही, मग ठराव एकमतानं झालेला असो की दोनदा झालेला.

"पण तिथे एक झाड नाही बाप्पा!" नसू द्या. गायरानावर पळस-बोरी माजलेल्या असतात आणि झुडपी जंगलाच्या गटात पोरं क्रिकेट खेळतात. उभं राहून बघितल्यानं काही कळत नाही. कागद काढा, आणि तोही नुसता आजचा सातबारा नको. 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीची तेव्हाची मूळ नोंद, आणि निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद, मागा. पटवारी "बघून सांगतो" म्हणेल. त्याला बघू द्या, पण नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी एक हुशारी नेहमी निघते: वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरच्या आतलं रान मिळतं ना? मिळतं. कलम 3(2) मध्ये 13 सुविधांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता वगैरे. त्यात नेमबाजी सोडा, कबड्डीचं मैदानसुद्धा नाही. यादीत समाजकेंद्र आहे म्हणून त्या नावाखाली रायफली घुसवणारा एक अर्ज मी स्वतः वाचलाय. असलं काही करू नका.

मोकळ्या जागेचा हट्ट कशासाठी, तेही आधी विचारात घ्या. 50 मीटरला जी पॉइंट टू-टू (.22) रायफल वापरतात, तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे निशाण्यामागे मातीचा उंच बंधारा हवा, त्याच्या मागे पांदण किंवा गुराखी नको, आणि शस्त्र कायद्याचे परवाने वेगळेच. इतकी मोकळी जागा शोधायला निघालं की पाय आपोआप झुडपीकडे वळतात.

माझं विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं 10 मीटर एअर रायफलवर काढा. 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. जागा म्हणाल तर गावच्या सहकारी सोसायटीचं रिकामं गोडाऊन पुरतं. 50 मीटरचा अर्ज करायचाच असेल तर त्यात 'पडीत सरकारी जागा' हे तीन शब्द लिहू नका. गट नंबर लिहा आणि अधिकार अभिलेखात त्याच्यापुढे जो शब्द असेल तो तसाच्या तसा उतरवा.