कायमस्वरूपी जीएनएसएस केंद्र

भूकवचाची वर्षाकाठी काही मिलिमीटर इतकी संथ हालचाल टिपण्यासाठी एकाच जागी कायमचे रोवलेले आणि जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ यांसारख्या जागतिक उपग्रह स्थाननिश्चिती प्रणालींच्या (जीएनएसएस) उपग्रहांचे संकेत अहोरात्र नोंदवणारे मापनकेंद्र. मोबाइलमधील जीपीएस काही मीटरपर्यंतच अचूक असतो. येथे मात्र संकेत वाहून नेणाऱ्या लहरीचीच कला (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) मोजली जाते आणि उपग्रहाच्या एल-1 या वारंवारतेवर या लहरीची लांबी जेमतेम 19 सेंमी. असल्याने तिचा लहानसा अंशही पकडता येतो. दुसरी वारंवारता आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) संकेताला होणारा विलंब काढून टाकण्यासाठी लागते. उंचीचे मापन आडव्या स्थानाच्या मानाने दोन-तीन पट ढोबळ राहते, कारण सारे उपग्रह क्षितिजाच्या वरच असतात.

ग्राहकयंत्र (रिसीव्हर) कितीही महागडे असले तरी अखेर मोजली जाते ती अँटेनाखालच्या खांबाची जागा, म्हणून उभारणीतील खरे कसब पायात असते. अखंड कातळ उघडा मिळाला, तर त्यात छिद्र पाडून पोलादी दांडा इपॉक्सीने पक्का केला तरी भागते. मातीचा थर जाड असेल तर एक उभा आणि चार तिरपे असे गंजरोधक पोलादी नळ सुमारे 10 मी. खोल उतरवून तळाशी सिमेंटने जखडतात व वरचा भाग मुद्दाम मातीपासून सुटा ठेवतात. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उथळ पाया घातल्यास केंद्राच्या स्थानाच्या आलेखात भूपट्टाच्या (भूकवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) हालचालीऐवजी ऋतूच उमटतात.

अँटेनाभोवतीची समकेंद्री धातुकड्यांची चोक रिंग जमिनीवरून परावर्तित होणारे संकेत रोखते. अँटेनावरील खूण खऱ्या उत्तरेकडे लावतात. क्षितिजापासून 10 ते 15 अंशांवरचे आकाश मोकळे हवे, त्यामुळे जागा ठरवताना आजचे रोपटे दहा वर्षांनी केवढे होईल, हेही पाहावे लागते. सौरपट, बॅटरी व तडितरक्षक ओघानेच येतात.

जपानच्या जिओनेट जाळ्यात अशी सुमारे 1,300 केंद्रे आहेत. 11 मार्च 2011 च्या भूकंपात त्यांपैकी ओशिका द्वीपकल्पावरील केंद्र सुमारे 5.3 मी. सरकले आणि 1.2 मी. खचले. भारतीय भूपट्ट मुळातच वर्षाला सुमारे 5 सेंमी. ईशान्येकडे सरकत असल्याने येथील केंद्रांवर ही सामायिक गती वजा केल्यावरच स्थानिक हालचाल दिसते. अँटेना बदलला तरी आलेखात काही मिलिमीटरची खोटी उडी येऊ शकते. ती भूकंपाची समजली जाऊ नये, यासाठी प्रत्येक बदलाची तारीख केंद्राच्या नोंदवहीत लिहितात.