जुन्या आकड्यांची उलटतपासणी

१३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातल्या अल अझिझिया इथल्या नोंदवहीत ५८ अंश सेल्सिअस असा आकडा पडला आणि पुढची ९० वर्षं तो पृथ्वीवरच्या सर्वाधिक तापमानाचा विक्रम म्हणून मिरवला. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. तज्ज्ञांनी मूळ नोंदवहीचं पान शोधून काढलं, तेव्हा नोंदी घेणारा माणूस नुकताच बदलल्याचं अक्षरावरून दिसलं, आणि आकडेही भलत्याच रकान्यांत लिहिलेले होते. तिथल्या तापमापकाच्या नळीत पारा एक बारीक सळई पुढे ढकलत नेई. पारा उतरला तरी सळई जागच्या जागी राही. दिवसाचं कमाल तापमान वाचायचं ते सळईच्या पाऱ्याकडच्या टोकाशी. नवख्या माणसाने बहुधा दुसऱ्या टोकाशी वाचलं, आणि त्या सळईची लांबीच सुमारे ७ अंशांइतकी होती.

ही चूक ठळक होती, म्हणून कधी ना कधी सापडणारच होती. खरी डोकेदुखी अर्ध्या-एक अंशाच्या चुकांची. शंभर वर्षांत जमिनीवरची हवा किती तापली हे शोधायचं, तर तो बदलही एक-दोन अंशांचाच असतो. तेवढ्यासाठी केंद्राची जागा, उपकरण, नोंदीची वेळ, सगळं शंभर वर्षं तसंच राहायला हवं. तसं जवळपास कुठेच राहिलेलं नाही. तापमापक गावातून विमानतळावर जातो, भोवती इमारती उठतात, काचेच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक येतो. झडपांची पांढरी लाकडी पेटी, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीन, सर्वत्र रूढ होण्याआधी तापमापक भिंतीला किंवा उघड्या चौकटीला टांगत. त्याला जमिनीवरून परावर्तित झालेलं ऊन लागे, त्यामुळे अनेक ठिकाणी जुने उन्हाळे होते त्याहून कडक नोंदले गेले.

वेळेची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. समजा, निरीक्षक रोज संध्याकाळी पाच वाजता मागच्या २४ तासांचं कमाल तापमान लिहितो आणि खूण, म्हणजे वर सांगितलेली सळई, पुन्हा पाऱ्याला टेकवतो. सोमवारी कडक ऊन पडलं. पाच वाजता खूण टेकवली तेव्हाही हवेत ३८ अंश होतेच, म्हणजे खूण ३८ वरच बसली. मंगळवारी आभाळ आलं, पारा ३० च्या वर गेलाच नाही. तरी मंगळवारच्या नोंदीत ३८! सोमवारचं ऊन दोनदा मोजलं गेलं. सकाळी सात वाजता नोंद घेतली, की याच्या उलट गारठ्याची पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेतल्या हजारो स्वयंसेवी केंद्रांनी विसाव्या शतकात हळूहळू संध्याकाळची वेळ सोडून सकाळची धरली, आणि हवा गार न होताच कागदावर गारवा आला. कोणीही चूक केलेली नव्हती.

मग असे सांधे, म्हणजे जागा, उपकरण किंवा वेळ बदलल्याचे क्षण, शोधायचे कसे? शेजाऱ्यांना विचारून. उष्णतेची लाट किंवा थंडीचा कडाका शेकडो किलोमीटर पसरतो. डोंगरावरचं आणि दरीतलं केंद्र वेगवेगळा पारा दाखवतात, पण आपापल्या सरासरीच्या वर-खाली दोघं बरोबरीने जातात. म्हणूनच जागतिक नोंदींत नुसतं तापमान न घेता प्रत्येक केंद्राचा स्वतःच्या सरासरीपासूनचा फरक घेतात. एका केंद्रातून शेजारच्याची नोंद वजा केली, की उरणारी रेघ बरीचशी सपाट यायला हवी. एखाद्या वर्षी ती पायरीसारखी ०.६ अंशाने खाली बसली आणि दहाही शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्यावर तीच पायरी दिसली, तर त्या वर्षी केंद्रातच काहीतरी बदललं. संगणक अशा हजारो जोड्या तपासतो आणि सापडलेली पायरी दुरुस्त करतो.

यावर 'आकडे फिरवले' असा आरोप होतो. शंका घेणं रास्तच आहे, आणि तिला उत्तरही आहे. समुद्रावरच्या नोंदींसह सगळ्या जगाचा हिशोब मांडला, तर दुरुस्त्यांमुळे दीर्घकालीन तापमानवाढ उलट थोडी कमीच भरते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही या नोंदींविषयी शंका होत्या. त्यांनी बर्कली अर्थ हा वेगळा प्रकल्प उभारला, नव्या पद्धतीने गणित केलं, आणि उत्तर तेच आलं. अमेरिकेने तर प्रत्येक केंद्रावर तीन-तीन संवेदक लावून, वस्तीपासून दूर नवं जाळं उभारलं. जवळच्या जुन्या केंद्रांच्या दुरुस्त नोंदी त्याच्याशी कच्च्या नोंदींपेक्षा अधिक जुळल्या.

पण एक पथ्य पाळलंच पाहिजे: मूळ आकडा पुसायचा नाही. दुरुस्त नोंद वेगळी ठेवायची, म्हणजे उद्या कोणाला चांगली पद्धत सुचली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी ते कागद हाती असायला हवेत, आणि असंख्य नोंदवह्या अजून कपाटांतच पडून आहेत. स्कॉटलंडच्या बेन नेविस शिखरावर १८८३ ते १९०४ या काळात निरीक्षक मुक्कामाला राहून रात्रंदिवस दर तासाला नोंद घेत. त्या लाखो आकड्यांची पानं अलीकडे हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून, रकाना-रकाना वाचत, संगणकावर चढवली.