केतुब्यावर सही कोणाची? बेने इस्राएल कुटुंबांसाठी माहितीपत्रक

केतुबा (यहुदी लग्नाचा लेखी करार), लग्नाचे दाखले आणि कोर्टाचे हुकूमनामे हिब्रूत भाषांतरित करून इस्रायलच्या कामासाठी फाइल तयार करणे हा आमचा व्यवसाय. भाषांतर सहसा अडत नाही. अडतात त्या केतुब्याच्या तळाशी असलेल्या दोन सह्या. म्हणून हे पत्रक लग्नानंतर नव्हे, तर हॉल ठरवतानाच वाचावे.

स्पेशल मॅरेज ॲक्ट, 1954 प्रमाणे रजिस्ट्रारपुढे तीन साक्षीदार लागतात. मावशी, शेजारीण, ऑफिसातला मित्र, सगळे चालतात. हलाखात, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रात, साक्षीदार दोनच, पण त्यांच्यावाचून लग्न लागतच नाही. नवऱ्याने अंगठी दिली, नवरीने घेतली, दोघेही ते मान्य करतात, तरी पात्र साक्षीदार नसतील तर किद्दुशीन, म्हणजे धार्मिक विवाहबंधन, झालेले नाही. उसनवारीत ऋणकोची कबुली पुरते, कारण त्यात नुकसान त्याचे एकट्याचे असते. लग्नाने मात्र ती स्त्री इतर सर्वांना निषिद्ध होते, म्हणून दोघांची कबुली पुरेशी धरत नाहीत.

साक्षीदार सज्ञान यहुदी पुरुष हवेत, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणारे हवेत. स्त्रियांची साक्ष इथे धरत नाहीत. हे अनेकींना खटकते, आम्हालाही खटकते. पण इस्रायलचे रब्बीमंडळ, म्हणजे तिथली धर्मगुरूंची अधिकृत संस्था, हाच नियम लावते. नातेवाईक तर मुळीच नकोत. मिश्नेत (यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात) दिलेली यादी आपल्या लग्नपत्रिकेसारखीच आहे: भाऊ, काका, मामा, मेहुणा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सासरे, साडू. वधू, वर किंवा दुसरा साक्षीदार, यांपैकी कोणाशीही असे नाते नसावे. आपल्याकडे मानाने मामाला पुढे करतात. मामांना शाल द्या, फेटा बांधा, सहीला मात्र बसवू नका. (त्याच मिश्नेत फाशांचे जुगारी, व्याजखोर आणि कबुतरे उडवणारेही बाद आहेत. मुंबईतल्या कबुतरबाजांनी नोंद घ्यावी.)

एक अपात्र माणूस गटात मिसळला तर सगळ्या गटाची साक्ष बाद होऊ शकते. म्हणून जाणते हज्जान (प्रार्थना व विधी चालवणारे) विधीआधी दोन नावे मोठ्याने सांगतात: साक्षीदार हेच, बाकीचे नव्हेत. हे करायला आठवणीने सांगा. अंगठी बोटात जाताना त्या दोघांना दिसली पाहिजे, शब्द ऐकू आले पाहिजेत. फोटोग्राफर नेमका त्यांच्या पुढ्यात उभा राहतो. त्याला आधीच बाजूला करा. व्हिडिओ साक्षीदाराची जागा घेत नाही.

घटस्फोटालाही हेच लागू. फॅमिली कोर्टाच्या हुकूमनाम्याने धार्मिक विवाह सुटत नाही. त्यासाठी 'गेट', म्हणजे धार्मिक घटस्फोटपत्र, लागते, त्या जोडप्याच्याच नावाने लिहिलेले, दोन साक्षीदारांसमोर पत्नीच्या हाती दिलेले. ते नसताना पत्नीने दुसरे लग्न केले तर त्यातली मुले 'मामझेर' (निषिद्ध संबंधातून जन्मलेली) ठरतात आणि त्यांची लग्ने अडतात. 1962 साली इस्रायलच्या रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या, त्यामागे हीच शंका होती: कोकणातले जुने घटस्फोट हलाखाप्रमाणे झाले होते का? समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले आणि 1964 मध्ये क्नेसेटमध्ये (इस्रायलच्या संसदेत) ठराव झाला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. तरी व्यक्तिगत कागद आजही तपासले जातात.

विधवेच्या बाबतीत मात्र शास्त्र एकदम सैल होते. नवरा वारल्याची साक्ष एकट्याने दिली तरी चालते, स्त्रीने दिली तरी, खुद्द पत्नीने दिली तरी. यहुदी नसलेला माणूस बोलता बोलता सहज सांगून गेला, तर तेही ग्राह्य. तेल आर्झा येथे मारल्या गेलेल्यांच्या बायकांना प्राचीन धर्मपंडित रब्बान गमलिएल (थोरले) यांनी एकाच साक्षीवर पुनर्विवाहाची मोकळीक दिली, असे मिश्ना नोंदवते. स्त्री आयुष्यभर 'अगुना', अडकलेली, राहू नये म्हणून ही सवलत. पण किनारा न दिसणाऱ्या समुद्रात कोणी बुडाले, तर नुसत्या बुडण्याच्या साक्षीवर काम भागत नाही.

आमच्याकडे येताना केतुब्याची मूळ प्रत, आईवडिलांचा केतुबा आणि आधी घटस्फोट झाला असल्यास गेटचा दाखला आणावा. दोन्ही साक्षीदारांची हिब्रू नावे वडिलांच्या नावासह लिहून आणावीत. आमचा कारकून साक्षीदार म्हणून मिळेल का, अशी विचारणा होते. रजिस्ट्रारकडे तो आनंदाने येईल. हुप्पाखाली (यहुदी लग्नमंडपाखाली) नाही, तो सीकेपी आहे.