सिमल्यात पायी फिरण्याआधी : तुम्ही कोणत्या मजल्यावर आहात?

‘आम्ही मॉल रोडवर उभे आहोत, तुमचा माणूस कुठे दिसत नाही.’ सिमला पायी फिरवून दाखवणाऱ्या आम्हा वाटाड्यांना सीझनमध्ये सकाळी साडेआठनंतर येणाऱ्या निम्म्या फोनची सुरुवात अशी होते. बोलणारे पाहुणे बहुतेक वेळा मॉल रोडवर नसतात, कार्ट रोडवर असतात. नकाशात हे दोन रस्ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. फोनवरचा निळा ठिपकाही अगदी आमच्या शेजारी येऊन थांबलेला असतो. प्रत्यक्षात तो आमच्या पायाखाली, कितीतरी पायऱ्या खाली असतो, आणि त्या चढून येईपर्यंत फेरीचा पहिला अर्धा तास गेलेला असतो.

म्हणून हे पत्रक. बुकिंग केलेल्या प्रत्येकाने निदान पुढचे दोन भाग वाचावेत. बाकीचं गाडीत वाचू म्हणाल, तर काल्क्यापासून वर वळणं फार आहेत, तेव्हा घरीच वाचलेलं बरं.

शहराचे मजले

सिमला आडवं पसरलेलं नाही, चाळीसारखं एकावर एक रचलेलं आहे. तळाला रेल्वे स्टेशन आणि कार्ट रोड. टॅक्स्या, जुना बसस्टँड, व्हिक्टरी टनेल, गाड्यांची सगळी गडबड याच पातळीवर. त्याच्या वर लोअर बाजार, मग मिडल बाजाराच्या अरुंद गल्ल्या आणि जिने. त्यावर मॉल. मॉलच्या वर रिज, म्हणजे ख्राइस्ट चर्चसमोरचं मोकळं मैदान. आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाखूचा डोंगर. नुसत्या स्टेशनपासून रिजपर्यंतच शंभर मीटरहून जास्त उभा चढ आहे. इथे ‘जवळच आहे’ म्हणजे वर की खाली, हे विचारून घ्यायचं.

आमची फेरी सकाळी नऊला स्कँडल पॉइंटवर, लाला लजपतरायांच्या पुतळ्यापाशी सुरू होते. ही मॉलची पातळी. रिजकडे चढणारा रस्ता इथेच फुटतो.

टॅक्सीवाल्याला ‘मॉल रोड’ सांगितलं की तो ‘हो जी’ म्हणतो आणि कार्ट रोडवर लिफ्टपाशी सोडतो. तो फसवत नाही. मॉलवर गाडी जातच नाही, त्यामुळे त्याच्या हिशेबी मॉल रोड तिथेच संपतो. पुढे लिफ्टचं तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, पहिल्या लिफ्टमधून बाहेर पडून थोडं चालून दुसरीत शिरायचं. वर आल्यावर स्कँडल पॉइंट आणखी दहाएक मिनिटांवर. मे-जूनमध्ये आणि नाताळात रांगेची वेळ वेगळी धरा. बसने येणाऱ्यांची आणखी एक गंमत होते. लांब पल्ल्याच्या बस टुटीकंडीच्या नव्या आयएसबीटीला, म्हणजे आंतरराज्य बसस्थानकाला थांबतात. ते गावापासून काही किलोमीटरवर आहे. तिथून लोकल बस किंवा टॅक्सी करून जुन्या बसस्टँडला यायचं, मग चढायचं.

फोन केलात तर ‘लोकेशन पाठवतो’ म्हणू नका, त्याचा इथे उपयोग नाही. समोर काय दिसतं ते सांगा. गाड्या दिसत असतील तर कार्ट रोड. दोन्ही बाजूंना भांडी, कापड, मसाले आणि अंगाला अंग लागणारी गर्दी असेल तर लोअर बाजार. एकही गाडी नसलेला रुंद रस्ता दिसला तर मॉल. चर्च समोर असेल तर तुम्ही आमच्याही वर गेला आहात, थोडं खाली या.

आम्ही पंधरा मिनिटं थांबतो आणि निघतो. काहींना हे खटकतं, पण वेळेवर आलेल्यांना थंडीत ताटकळत ठेवणंही बरं नव्हे. मागे राहिलेल्यांना मॉलवरच्याच गेइटी थिएटरच्या दारात आम्हाला गाठता येतं.

‘हॉटेलवर गाडी का पाठवत नाही?’

कारण मॉल आणि रिज वाहनांना बंद आहेत. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि मोजक्या परवान्याच्या गाड्या सोडल्या तर तिथे कोणी येत नाही. हा प्रकार जुना आहे. १८६४ मध्ये सिमला ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झालं, त्या अमदानीत इथल्या रस्त्यांवर घोडागाडीची मुभा व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर एवढ्या तिघांनाच होती. बाकीचे पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढायच्या रिक्षात. तेव्हा मॉलवर गाडी आणून देतो असं कोणी म्हणालं तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

सामान असेल तर कार्ट रोडवरून हमाल घ्या. हॉटेलचं नाव आणि मजुरी आधी ठरवा, वर गेल्यावर घासाघीस नको. जिन्यावर हे लोक तुम्हाला दिवसभर भेटतील. कोणाच्या पाठीला दोराने बांधलेला अख्खा फ्रिज, कोणाच्या पाठीवर दोन गॅस सिलिंडर. मान खाली, नजर पुढच्या दोन पायऱ्यांवर. अशा वेळी फोटोसाठी पायरीवर मध्येच थांबू नका. ओझं घेऊन चढणाऱ्याला चढण्यापेक्षा थांबणं जड जातं. कडेला सरा.

काय दाखवतो

स्कँडल पॉइंटची गोष्ट सगळेच ऐकवतात : पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी इथून इंग्रज साहेबाची मुलगी पळवली. आम्हीही ऐकवतो, पण हिशेबासकट. प्रसंग १८९२ सालचा सांगतात आणि भूपिंदरसिंगांचा जन्म १८९१ चा. दुसऱ्या पाठात मुलगी सरसेनापती लॉर्ड किचनरची असते, आणि किचनरने लग्नच केलं नव्हतं. गोष्ट मात्र झकास आहे.

मॉलवर १८८७ चं गेइटी थिएटर, वर रिजवर १८५७ चं ख्राइस्ट चर्च. रिजवर आम्ही जास्त वेळ थांबतो. ज्या मैदानावर लोक आइस्क्रीम खात फिरतात त्याच्या पोटात इंग्रजांच्या काळातली मोठी पाण्याची टाकी आहे आणि ती आजही शहराला पाणी देते. रिज म्हणजे डोंगराची धार, सतलज आणि यमुनेच्या खोऱ्यांमधली. एका उतारावरचं पावसाचं पाणी शेवटी अरबी समुद्राकडे जातं, दुसऱ्या उतारावरचं बंगालच्या उपसागराकडे. धारेवर वसलेल्या गावाला पाणी खालून चढवावं लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यातली इथली पाणीटंचाई तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. बाटली भरून आणा, हॉटेलात नळ वाहता ठेवू नका.

मग मॉलवरून मिडल बाजारात उतरतो. इथल्या जुन्या घरांचा गिलावा जिथे पडलाय तिथे ‘धज्जी’ची भिंत उघडी दिसते : लाकडी चौकट, तिच्यात तिरप्या पट्ट्या, मधल्या खणांत दगड आणि माती. भूकंपात अशी भिंत हलते, कुरकुरते, पण सहसा एकदम कोसळत नाही. नुसतं खरेदीला आलेल्याला ही दिसत नाही, आणि आमच्यासारख्यांची मजुरी याचीच आहे.

दुपारची फेरी चौडा मैदानाकडून व्हाइसरीगल लॉजला, म्हणजे व्हाइसरॉयच्या जुन्या निवासस्थानाला जाते. शेवटचा चढ सोडला तर सिमल्याच्या मानाने सपाट. १८८८ ची ही इमारत वास्तुविशारद हेन्री आयर्विनची. १९४५ ची सिमला परिषद इथे झाली, आणि १९६५ पासून इथे उच्च अध्ययन संस्था आहे. सिमला करार मात्र इथला नाही. १९७२ मध्ये इंदिरा गांधी आणि भुत्तोंच्या सह्या झाल्या त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, बार्न्स कोर्टमध्ये. तेच पुढे राजभवन झालं. मराठी पाहुणे हमखास विचारतात म्हणून : गांधीहत्या खटल्यातलं अपील १९४९ मध्ये इथे पीटरहॉफमध्ये चाललं. ती मूळ वास्तू १९८१ च्या आगीत गेली, आता तिथे हॉटेल आहे.

जाखूला आम्ही नेत नाही. रोपवे आहे, १०८ फुटी मारुती चुकणार नाही, आणि माकडं तुमचा चष्मा आमच्या देखतही पळवतील. वाटेत रॉथनी कॅसल लागतं, काँग्रेसच्या स्थापनेतले ए. ओ. ह्यूम तिथे राहत.

ज्येष्ठांना घेऊन येत असाल तर

‘खाली उतरतच तर जायचं आहे’ असं समजून उतरणीची फेरी मागू नका. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं छळतं. त्यांच्यासाठी दुपारची फेरी घ्या. बुकिंग करतानाच सांगितलंत तर आम्ही जुन्या बसस्टँडपाशी माणूस उभा करतो. तो लिफ्टने बरोबर वर आणतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. जोडे वापरातले घाला, सहलीसाठी घेतलेले नवे कोरे नकोत.

पावसात फेरी होते, छत्री आणा. बर्फ पडून पायऱ्या गोठल्या तर होत नाही. पुढचा दिवस घ्या किंवा पैसे परत घ्या, तुमची मर्जी. हॉटेलवाला ‘कुछ नहीं होता’ म्हणाला तरी अशा सकाळी आमचा फोन येईपर्यंत खोलीतच थांबा.