औषधाच्या जोडीला योग: लोणावळ्यापासून सुरू झालेल्या संशोधनाची पार्श्वभूमी

नौली, म्हणजे पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवण्याची हठयोगातील क्रिया, करणाऱ्या साधकाला क्ष-किरण यंत्रापुढे उभे करून त्याच्या पोटात नेमके काय घडते ते पाहावे, ही कल्पना आज कोणाला नवलाची वाटणार नाही. १९२० च्या सुमारास मात्र ती दोन्ही पक्षांना सहज रुचण्याजोगी नव्हती. गुरुमुखातून मिळालेली विद्या यंत्राखाली घालणे हा तिचा अधिक्षेप आहे असे योगमार्गातल्या कोणालाही वाटले असते, आणि बैराग्यांच्या कसरतींवर रुग्णालयातील साधने का खर्ची घालावीत, असे डॉक्टरांनी विचारले असते. तरीही जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढण्याची क्रिया) आणि नौली यांवरचे पहिले प्रयोग केले. औषधोपचाराला पूरक म्हणून योगाचा जो अभ्यास आज जगभर चालतो, त्याचा उगम शोधत मागे गेल्यास आपण याच प्रयोगांपाशी येऊन थांबतो.

गुणे यांचा जन्म १८८३ साली डभोई येथे झाला. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योगाची दीक्षा घेतली आणि काही काळ अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. १९२४ च्या दसऱ्याला त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. तोवर ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. या त्रैमासिकाच्या सुरुवातीच्या अंकांत आसनांची वर्णने होतीच, पण त्यांच्या शेजारी क्ष-किरण चित्रे आणि दाबाच्या मोजणीचे आकडेही छापले जात, आणि त्याचे वेगळेपण त्यातच होते.

त्यांपैकी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. बस्तिक्रियेत, म्हणजे गुदमार्गाने पाणी घेऊन आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप मोठ्या आतड्यात ओढले जाते, याचा अनुभव साधकांना पूर्वापार होता, परंतु ते का ओढले जाते याचे उत्तर अपानवायूच्या, म्हणजे शरीरात खालच्या दिशेने वाहणाऱ्या प्राणाच्या, परिभाषेतच दिले जाई. कुवलयानंदांनी आतड्यातील दाब मोजला, तेव्हा नौलीत पोटाचे सरळ स्नायू पुढे काढले असता आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो आणि त्या अंशतः निर्वात अवस्थेमुळे पाणी आत शिरते, असे दिसून आले. या अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. परंपरेचा अनुभव खरा मानायचा आणि त्याचा खुलासा मात्र नव्याने तपासायचा, ही त्यांची रीत एवढ्या एका उदाहरणातही स्पष्ट होते.

मात्र या प्रयोगांनी जो प्रश्न सोडवला तो शरीरक्रियेचा होता, उपचाराचा नव्हता. आसनामुळे दाब बदलतो एवढ्यावरून रुग्णाचा आजार बरा होतो असे ठरत नाही, हा फरक वाचायला सोपा असला तरी पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो संशोधनात पुरता उतरला नाही. दरम्यान, उपचार चालूच होते. १९२७ साली कोल्हापूरच्या दौऱ्यात रक्तदाब वाढून महात्मा गांधी आजारी पडले, त्यानंतर त्यांचा आणि कुवलयानंदांचा आसनांविषयी पत्रव्यवहार झाला; १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने योगिक आरोग्यकेंद्र निघाले; आणि साठच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यातच योगोपचाराचे रुग्णालय उभे राहिले. दमा, बद्धकोष्ठ, मधुमेह अशा तक्रारी घेऊन रुग्ण येत आणि पुष्कळांना बरे वाटे. पण योग न करता तेवढ्याच काळात किती जणांना बरे वाटले असते, हे मोजण्याची सोय त्या कागदपत्रांत नव्हती. त्या काळी बहुतेक औषधांच्या बाबतीतही ती नव्हती, हे इथे सांगणे न्यायाचे होईल.

लोणावळ्याने परदेशी अभ्यासकांनाही ओढून आणले. येल विद्यापीठातून आलेले कोवूर बेहानन यांनी तिसच्या दशकात येथे राहून प्राणायामाचा स्वतःवरच अभ्यास केला. उज्जायीत, म्हणजे घसा किंचित आवळून आवाज करत श्वास घेण्याच्या प्राणायामात, प्राणवायूचा वापर सुमारे पावपट वाढतो, हे त्यांच्या मोजणीत निघाले. शिवाय प्राणायामानंतर लगेच बेरजेसारखी बौद्धिक कामे करण्याचा वेग काही काळ मंदावतो, असेही दिसले. योगाचा पुरस्कर्ता असलेल्या माणसाने हा दुसरा निष्कर्षही न लपवता छापला, ही गोष्ट मला त्या आकड्यांहून मोलाची वाटते. पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक यंत्रसामग्री घेऊन भारतभर फिरले. इच्छेनुसार हृदय थांबवता येते असे म्हणणाऱ्या योग्यांची त्यांनी परीक्षा घेतली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते असे की श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटते, त्यामुळे नाडी हाताला लागत नाही आणि ठोके ऐकू येत नाहीत, पण विद्युत-आलेखावर हृदय चालूच असते. चमत्काराचा दावा असा मागे पडला. पुढे उपयोगी ठरले ते काम त्यामानाने साधे, जवळजवळ कंटाळवाणे म्हणावे असे होते.

ते काम परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामचे डॉ. विनेकर आणि इतर सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापला. ना नौली, ना शीर्षासन, फक्त उताणे पडून श्वासाकडे लक्ष ठेवणे आणि अंग सैल सोडणे. रुग्णांचे तीन गट होते: औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले, आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले. पहिल्या गटातील दहा रुग्णांचा सरासरी दाब (वरचा आणि खालचा दाब मिळून काढलेला) १३४ वरून १०७ वर आला, तर औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा बरीच कमी करता आली. ‘पूरक’ या शब्दाचा आजचा अर्थ या अभ्यासात आकाराला आलेला दिसतो, कारण येथे गोळी बंद करून शवासन सुरू केलेले नव्हते. गोळी चालू ठेवून, दाब मोजत मोजत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिची मात्रा उतरवलेली होती. उणीव उरली ती एवढीच, आणि ती मोठी होती: शवासन न करणारा असा तुलनेचा गट नव्हता.

ही उणीव लंडनजवळच्या क्रॉयडन येथे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या, भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी २० रुग्णांचा अनुभव मांडला, पाच जणांची औषधे पूर्ण सुटली होती. दोन वर्षांनी त्यांनी ३४ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला योगातील शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक, म्हणजे शरीरातील बदल यंत्रावर पाहून ते आवरण्याचे तंत्र, शिकवले. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ दिला, दाबही तसाच मोजला, पण शिकवले काही नाही. पहिल्या गटात वरचा दाब सरासरी २६ ने, तर दुसऱ्यात सुमारे ९ ने उतरला. दुसऱ्या आकड्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. काहीही न शिकवता, केवळ वरचेवर दवाखान्यात येऊन शांत बसल्याने ९ चा फरक पडतो, म्हणजेच तुलनेचा गट नसता तर हे श्रेयही योगाच्याच खाती जमा झाले असते.

नंतरच्या अभ्यासांची यादी लांबलचक आहे आणि ती सगळी इथे देण्यात अर्थ नाही. बंगळुरूच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी १९८५ मध्ये दम्याच्या ५३ रुग्णांची तेवढ्याच दुसऱ्या रुग्णांशी तुलना केली, आणि योग करणाऱ्यांत दम्याचे झटके व औषधांचा वापर दोन्ही घटल्याचे दाखवले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीतील आसने मनगटाच्या नसेच्या दुखण्यावर वापरून केलेला ४२ जणांचा अभ्यास १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीवर तर इतके काम झाले, की २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने औषधांच्या आधी सुचवायच्या उपायांत व्यायामाबरोबर योगाचाही समावेश केला. मात्र योगाविषयीचा पुरावा कमी प्रतीचा असल्याचेही त्याच शिफारशीत नोंदवले.

या काळात शब्दही बदलत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ मध्ये काढलेल्या कार्यालयाच्या नावात ‘पर्यायी’ हा शब्द होता, १९९८ मध्ये त्याला ‘पूरक’ येऊन मिळाला, आणि २०१४ मध्ये ‘पर्यायी’ गळून त्या जागी ‘एकात्मिक’ आला. त्याच वर्षी आपल्याकडे आयुष हे स्वतंत्र मंत्रालय झाले. नावातला हा फेरफार किरकोळ नव्हे. पर्यायी उपचार घेणारा रुग्ण केमोथेरपी किंवा इन्सुलिन सोडण्याची शक्यता असते, तर पूरक उपचार घेणाऱ्याकडून ती सोडण्याची अपेक्षा नसते, आणि दोन्ही प्रसंगी आसन तेच असले तरी जोखीम सारखी नसते.

संशोधकांसमोरची मुख्य अडचण मात्र नाव बदलून सुटली नाही. गोळीच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना पिठाची गोळी देता येते; खोटे शवासन कसे द्यावे? आपण योग करतो आहोत हे रुग्णाला कळतेच, आणि शिक्षकाची आपुलकी, गटातील सोबत, आठवड्याचा नेम यांचा परिणाम आसनाच्या परिणामापासून सोडवून दाखवणे कठीण जाते. त्यामुळे मनाला कसे वाटते यापेक्षा झटका पुन्हा आला का, रुग्ण दगावला का, अशा कठोर मापांनी योग तपासावा, हा आग्रह वाढत गेला.

त्या मापाने झालेली सर्वांत मोठी चाचणी भारतातलीच आहे. ‘योग-केअर’ या नावाने दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी देशातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण निवडले. सर्वांची नेहमीची औषधे चालू होती. निम्म्यांना तेरा सत्रांत योग शिकवला, उरलेल्यांना काळजी कशी घ्यावी याचे वर्ग दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, अशा घटना योगगटात १३१ आणि दुसऱ्या गटात १४६ जणांत घडल्या. हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका मोठा ठरला नाही, आणि एकूण घटनाच अपेक्षेपेक्षा कमी घडल्याने चाचणीची निवाडा करण्याची ताकद उणी पडली, असे संशोधकांनी स्वतःच लिहिले. दुसरीकडे, स्वतःच्या प्रकृतीविषयी रुग्णांना काय वाटते आणि झटक्यापूर्वीची कामे ते पुन्हा करू लागले का, या दोन्ही बाबतींत योगगट पुढे होता.