दृष्टान्त–दार्ष्टान्तिक पद्धती

मत थोडक्यात सांगायचे, त्याला ओळखीचा दाखला जोडायचा आणि तो दाखला मताला कसा लागू पडतो ते उलगडायचे, अशी प्राचीन मराठी गद्यातील प्रतिपादनाची रीत. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठा’त ती सर्वांत रेखीव आढळते. सूत्र (मत), दृष्टान्त (दाखला) आणि दार्ष्टान्तिक (त्याचा उलगडा) हे तिचे तीन घटक. दृष्टान्त सामान्यतः ११४ धरतात. पोथ्यांत ही संख्या कमीजास्त होते.

पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या निरूपणाचे एक मोठे केंद्र पैठण व आसपासचा गोदाकाठ होते. सूत्र आणि दृष्टान्त त्यांच्या मुखातले, दार्ष्टान्तिक मात्र संकलक केसोबासांचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संकलनाचा काळ काटेकोर सांगता येत नाही, कारण चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनाचे (उत्तरेकडे निघून जाण्याचे) वर्षच वादग्रस्त आहे. तेराव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश धरणे त्यातल्या त्यात सुरक्षित.

पद्धतीचे मूळ न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, शोधण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. तिच्या पंचावयवी (पाच भागांच्या) वाक्यात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण प्रस्तुत विषयाला लावणे) व निगमन (निष्कर्ष) असा क्रम असतो. लौकिक माणूस आणि परीक्षक (तर्काने पारखणारा जाणकार) या दोघांचे ज्याविषयी एकमत असते तो दृष्टान्त, असे न्यायसूत्रे सांगतात. या चौकटीत सूत्र प्रतिज्ञेच्या आणि दार्ष्टान्तिक उपनय-निगमनाच्या जागी बसते. हेतूला मात्र स्वतंत्र जागा उरत नाही. केसोबास संस्कृतज्ञ होते, त्यामुळे दार्ष्टान्तिकाची घडण शास्त्रीय आणि दृष्टान्ताचा ऐवज लोकव्यवहारातला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान धरणाऱ्याला सुपासारखा. डोळसाला तेवढा अख्खा दिसतो. यावरून अंशाचे ज्ञान म्हणजे पूर्ण ज्ञान नव्हे, एवढे कोणालाही पटते. पूर्ण ज्ञान परमेश्वरालाच असते, हा पुढचा दावा मात्र दाखल्यातून निघत नाही. तो सूत्राच्या, म्हणजे आप्तवचनाच्या (विश्वसनीय व्यक्तीच्या शब्दाच्या), बळावर उभा आहे.

त्याच शतकात आपेगावच्या ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीच्या गणेशरूपकात तर्काला परशू म्हटले. तेथे भर खंडनावर आहे. मराठवाड्यातील कीर्तन-प्रवचनांतही दृष्टान्त रूढ आहे. ‘दृष्टान्तपाठा’शी त्याचा थेट संबंध जोडणे मात्र अवघड: पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपलेल्या असल्याने विसाव्या शतकापर्यंत त्या पंथाबाहेर फारशा वाचल्या जात नव्हत्या.